कचऱ्याचे पैसे तीनदा का भरायचे?

प्रश्न : आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सोसायटीच्या तळमजल्यावरचा भाड्याचा गाळा, बसून खायची सोय नाही, फक्त पार्सल. दिवसाला साधारण चाळीस डबे जातात. गाळा घेऊन दोन वर्षं झाली. त्याआधी वर्षभर तो बंद होता, आणि त्याआधी तिथे टेलरचं दुकान होतं. गेल्या महिन्यात गाळेमालकांना मिळकतकराचं बिल आलं. त्यात ‘उपयोगकर्ता शुल्क’ म्हणून ९,६०० रुपये लावलेत, महिना १६० प्रमाणे पाच वर्षांची थकबाकी. मालक म्हणतात, कचरा तुमचा, पैसे तुम्ही भरा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला ९० रुपयांचा दर लावलाय, कारण तो ‘दुकान’ आणि आम्ही ‘उपाहारगृह’. बिलात सफाईपट्टी वेगळी आहेच. घंटागाडी सकाळी साडेसहाला येऊन जाते, आम्ही उघडतो दहाला, त्यामुळे कचरा एक मावशी नेतात. त्या महिन्याला १०० रुपये रोख घेतात, पावती देत नाहीत. म्हणजे एका कचऱ्याचे तीनदा पैसे. मिस्टर म्हणतात, कुणालाच काही द्यायचं नाही, रात्री बंद करताना पिशवी नाक्यावर ठेवून येऊ, सगळे तेच करतात. काय करावं? मावशींचे पैसे बंद करावेत का?
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

ताई,

आधी यजमानांचं बघू, कारण त्यांचा मार्ग सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो. तुमच्या नाक्यावर पिशव्या साठत असतील, तर ती जागा पालिकेच्या यादीत ‘क्रॉनिक स्पॉट’, म्हणजे नेहमी कचरा पडणारी जागा, म्हणून कधीच चढली असेल. अशा ठिकाणी कॅमेरा लागतो किंवा मुकादम उभा राहतो. खानावळीची पिशवी ओळखायला तर कॅमेराही लागत नाही. कोबीचा पाला, मटाराच्या साली आणि फॉइलचे डबे एका पिशवीत सापडले की मुकादम सरळ तुमच्या दारात येतो. दंड भराल तो भराल, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना ही शोभा होईल. तुमचा धंदा स्वच्छतेवर चालतो, झेरॉक्सवाल्याचा नाही. तेव्हा तो विषय यजमानांनी सोडून द्यावा.

आता पैशांचं. १६० रुपये महिना, सव्वीस दिवस, दिवसाला चाळीस डबे, असा हिशेब मांडला तर एका डब्यामागे पंधरा-सोळा पैसे पडतात. कोथिंबिरीची जुडी एका दिवसात याहून जास्त वर-खाली होते. म्हणजे महिन्याचं शुल्क धंदा बुडवणारं नाही. पत्रावरून वाटतं, तुमचा रागही त्या १६० रुपयांचा नाहीच. पाच वर्षांची रक्कम एका झटक्यात अंगावर आली, ती मागताना कुणी काही विचारलं नाही, आणि पैसे घेणाऱ्या तिघांपैकी एकाशीही नीट बोलता येत नाही, याचा तो राग आहे. तो रास्त आहे. फक्त ‘शुल्कच भरणार नाही’ म्हणून भांडायला गेलात तर हराल. रकमेवर, दरावर आणि पावतीवर भांडलात तर बरंच पदरात पडेल.

भांडण का हरेल, ते सांगते. कचरा करणाऱ्याने त्याच्या व्यवस्थेसाठी शुल्क द्यायचं, हे केंद्राच्या २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. दर किती, हे स्थानिक संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिला लागू असलेल्या स्थानिक नियमांत, ठरतं. आपल्या राज्याच्या नगरविकास विभागाने जुलै २०१९मध्ये असे उपविधी आणले. घर, दुकान, उपाहारगृह, रुग्णालय असे वर्ग पाडून प्रत्येकाला महिन्याचा दर लावण्याची पद्धत त्यातूनच आली. प्रत्यक्ष वसुली अनेक ठिकाणी फार उशिरा सुरू झाली, म्हणून बिलात अशी मागची वर्षं उगवतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली हे शुल्क मिळकतकराच्या बिलात आलं, तेव्हा इतकी ओरड झाली की राज्य सरकारला वसुलीला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे लोकांनी आवाज उठवला तर सरकार हलतं. पण ती स्थगिती त्या शहरापुरती होती. तिकडचं कात्रण आपल्या वॉर्ड ऑफिसात दाखवून उपयोग होत नाही. तिथला कारकून ते वाचेल, परत करेल आणि पुढचा टोकन नंबर पुकारेल.

सफाईपट्टी असताना हे शुल्क कशाला, हा तुमचा मुद्दा मला पटतो, आणि जवळपास प्रत्येक व्यापारी संघटना तो मांडते. पालिकेचं उत्तर असं असतं की सफाईपट्टी हा कर आहे. रस्ते झाडणं, गटारं उपसणं असली सगळ्या गावाची कामं त्यातून होतात. कर भरला म्हणून बदल्यात अमुकच द्या असं म्हणता येत नाही. शुल्क मात्र तुमच्या दारातून कचरा उचलण्याचं. कायद्याने हा फरक आहे, तेव्हा ‘दोनदा वसुली’ एवढ्याच मुद्द्यावर शुल्क रद्द होईल असं धरून चालू नका. पण हाच फरक तुमच्या बाजूनेही वळतो. शुल्क म्हटलं की सेवेशी काही नातं असावं लागतं. पैसा-न्-पैसा जुळला नाही तरी चालेल, पण सेवाच नसेल तर शुल्क कशाचं? आणि तुमच्या पाच वर्षांतलं एक वर्ष तर गाळ्याला कुलूप होतं!

इथे कागद घेऊन बसा. पालिकेने साठ महिने गुणिले १६० असं सरळ गुणून टाकलंय. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं टेलर होता, म्हणजे दुकानाचा दर, २४ महिन्यांचे २,१६०. मधलं वर्ष गाळा बंद, म्हणजे शून्य. पुढची दोन वर्षं तुमची, १६० धरले तरी ३,८४०. बेरीज ६,००० होते. ९,६००मधले ३,६०० रुपये असे एका बैठकीत वादात आणता येतात. गाळा बंद असल्याचा पुरावा म्हणून मालकांकडून त्या वर्षाची वीजबिलं मागून घ्या. युनिटच्या रकान्यात बारा महिने शून्य किंवा नाममात्र वापर दिसला, तर कारकुनाला फार बोलायला जागा उरत नाही. टेलरच्या काळासाठी मालकांकडचा जुना भाडेकरार पुरेल.

आता मालक. ‘कचरा तुमचा’ हे त्यांचं म्हणणं तुमच्या दोन वर्षांपुरतं खरं आहे. टेलरचा कचरा तुमचा नाही आणि बंद गाळ्याचा तर कुणाचाच नाही. मिळकतकराचं बिल मालकाच्या नावावर असतं, पालिका पैसे त्यांच्याकडेच मागते, थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती त्यांच्या माथी बसते. म्हणून ते घाबरलेत, आणि घाबरलेला माणूस जवळच्याला धरतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाचा. बहुतेक छापील करारांत ‘महानगरपालिकेचे सर्व कर मालक भरतील, वीज व देखभाल वापरणारा भरेल’ अशा अर्थाचं वाक्य असतं. शुल्क यात कुठे बसतं, यावर वकील दोन तास बोलू शकतील. तुम्ही तेवढा वेळ घालवू नका. ‘ताबा घेतल्यापासूनचं योग्य दराने जे होईल ते मी देते, त्याआधीचं माझं नाही’ हे त्यांना शांतपणे सांगा आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. पैसे दिलेत तर यूपीआयने द्या, आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे ते टिपेत लिहा. कराराचं नूतनीकरण होईल तेव्हा ‘उपयोगकर्ता शुल्क’ हा शब्द नावानिशी त्यात घालून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हेच नाटक पुन्हा.

बिलाची मुदत संपत आली असेल, तर मालकांना निदान मिळकतकराचा भाग भरून टाकायला सांगा. शुल्काबद्दल आधी लेखी हरकत द्या. काउंटरवर रक्कम वेगळी घेत नसतील, तर ‘हरकत नोंदवून भरणा’ असा अर्ज जोडून पूर्ण भरा. हिशेब दुरुस्त झाला की फरक पुढच्या बिलात वळता करून मागता येतो. शास्ती चढवत तत्त्वासाठी लढणं मोठ्या कंपन्यांना परवडतं.

दुकान की उपाहारगृह? इथे तुम्हाला आवडणार नाही असं बोलते. झेरॉक्सवाल्याच्या कचऱ्यात कागद, आणि तोही तो रद्दीत विकतो. तुमच्याकडे रोज ओला कचरा निघतो, नासणारा, वास मारणारा, उचलायला जड. पालिकेने तुम्हाला खाद्यपदार्थांच्या वर्गात टाकलं तर त्यात अर्थ आहे. तरी हा प्रश्न विचाराच, कारण तुमच्याकडे टेबलं नाहीत, उष्टं-खरकटं जवळजवळ नाही, गिऱ्हाईक अन्न घरी नेऊन खातं आणि उरलेलं त्याच्या घरच्या कचऱ्यात जातं. त्याच्यासाठी तो घराचं शुल्क भरतोच आहे. पन्नास खुर्च्यांच्या हॉटेलाला आणि तुमच्या दोन शेगड्यांच्या गाळ्याला एकच दर, ही खरी विसंगती आहे. उपविधीत ‘उपाहारगृह’ची व्याख्या काय दिली आहे, ती मागा. व्याख्येत ‘बसून खाण्याची सोय’ असेल तर तुम्ही त्यात येत नाही, आणि तुमचा हिस्सा ३,८४०वरून २,१६०वर येतो. सोय-बिय काही लिहिलेलं नसेल, तर १६० मान्य करा आणि पुढे चला.

व्याख्या तोंडी विचारली तर मिळायची नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच गोष्टी मागा: लागू असलेल्या उपविधीची आणि दरपत्रकाची प्रत, तुमच्या मिळकतीला हा वर्ग कोणत्या पाहणीवरून लावला त्या पाहणीचा अहवाल, आणि तुमच्या रस्त्यावरच्या घंटागाडीचं गेल्या वर्षाचं वेळापत्रक. अनेकदा पाहणी झालेलीच नसते. कुणीतरी संगणकावर ‘खाद्य’ असं बघून बटण दाबलेलं असतं. तसं निघालं तर दुरुस्ती सहज होते.

आता मावशी. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलाय. त्यांचे पैसे बंद करायचे की नाही, हे त्या कोण आहेत यावर ठरेल, आणि ते तुम्हाला माहीत नाही असं दिसतं. म्हणून आधी विचारा. चहा देऊन विचारा, चौकशी अधिकाऱ्यासारखं नको.

त्या पालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या पगारावर असतील, तर तुमच्या दारातून कचरा उचलण्यासाठी वेगळे १०० रुपये मागायचा त्यांना अधिकार नाही. दिवाळीला तुम्ही काही द्यावं ती गोष्ट निराळी. पण अशा वेळीही तक्रार त्यांच्या नावाने करण्याआधी एक बघा: ठेकेदार त्यांना पूर्ण पगार देतो का? बऱ्याचदा रोख शंभराची नोट तिथून सुरू होते.

त्या स्वतंत्र कचरावेचक असतील तर गोष्ट पूर्ण उलटी होते. पुण्याचं उदाहरण घ्या. १९९३मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. २००८मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. तिथल्या ताई-मावशी दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात आणि महिन्याचं शुल्क घरं-दुकानं थेट त्यांना देतात. सुक्यातलं विकण्याजोगं निवडून विकलं की ते पैसेही त्यांचे. त्यांना पालिकेचा पगार नसतो. अशा व्यवस्थेत मावशींचे पैसे बंद करणं म्हणजे पालिकेचा राग त्यांच्या चुलीवर काढणं. तुमच्या शहरात असा करार असेल तर त्यांच्याकडे ओळखपत्र आणि पावतीपुस्तक असतं, ते मागा. करार नसेल आणि त्या आपल्या हिमतीवर हे काम करत असतील, तर एक साधी वही करा. दर महिन्याला तारीख, रक्कम आणि त्यांची सही किंवा अंगठा. खर्चाच्या हिशेबात ती नोंद चालेल. त्याहून मोठा उपयोग असा, की ‘तुमची गाडी माझ्या वेळेला येत नाही, म्हणून मला दुसरीकडे पैसे मोजावे लागतात’ हे पालिकेला कागदावर दाखवता येतं.

कारण गाडीची वेळ हे तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ आहे, आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत. साडेसहाची फेरी घरांसाठी आखलेली असते. दुकानं दहाला उघडतात, त्यांचा कचरा संध्याकाळी तयार होतो, आणि मग तो रात्रभर ठेवायचा कुठे? म्हणून नाका. बाजारपेठेच्या भागात काही शहरांत संध्याकाळची वेगळी फेरी असते. तुमच्या रस्त्यावर किती गाळे आहेत ते मोजा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ही फेरी आरोग्य निरीक्षकाकडे लेखी मागा. ‘शुल्क घेता, मग आमच्या वेळेला गाडी पाठवा’ ही मागणी नाकारायला त्यांना फार अवघड जातं. शुल्क रद्द करा म्हणणाऱ्या मोर्चाला आश्वासन मिळतं, वेळ बदला म्हणणाऱ्या अर्जाला कधीकधी गाडी मिळते. जानेवारी २०२६च्या निवडणुकांनंतर महापालिकांत पुन्हा नगरसेवक बसलेत. मधली काही वर्षं प्रशासकाच्या राज्यात दाद मागायला कुणी नव्हतं, आता आहे. अर्जाची एक प्रत त्यांच्या कार्यालयात द्या आणि तिथलीही पोच घ्या.

एक आठवडा कचरा तोलून बघा. वजनकाटा तुमच्याकडे आहेच. ओला वेगळा, सुका वेगळा, रोजचा आकडा वहीत. चाळीस डब्यांच्या स्वयंपाकाचा बहुतेक कचरा निवडण्याचा असतो, साली, देठं, पाला, आणि त्यात पाणी फार. भाजी धुतलेलं पाणी जाळीच्या बादलीत निथळू दिलंत तर वजन आणि वास दोन्ही उतरतात, मावशींचे हातही वाचतात. मटाराच्या साली, कोबी-फ्लॉवरचा पाला जवळच्या गोठ्यावर कुणी खुशीने नेईल. तळणीचं वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. ते विकत घेणारे अधिकृत संकलक असतात. पुऱ्या-भजी रोज नसतील तर तुमच्याकडे ते थोडंच साठेल, पण झाकणाच्या डब्यात महिनाभर ठेवता येतं. कंपोस्टचा सल्ला मी देणार नाही. पोस्टरवर छान दिसतं, पण भाड्याच्या गाळ्यात, वर सोसायटी असताना, उन्हाळ्यात आठ दिवस करून बघा म्हणजे कळेल.

या वजनाने तुमचा दर आज कमी होणार नाही, कारण दर वजनावर नाहीच. आणि छोट्या धंद्याच्या दृष्टीने या शुल्काची खरी खोट तिथे आहे. मुंबई महापालिकेने २०२५मध्ये हरकतींसाठी जो मसुदा मांडला, त्यात घरांसाठी निदान क्षेत्रफळाचे टप्पे होते: ५० चौरस मीटरपर्यंत १०० रुपये, ३००पर्यंत ५००, त्यावर १,०००. दुकान म्हटलं की मात्र ५००, मग ते खिडकीएवढं असो की हॉलएवढं. केंद्राच्या २०१६च्या नियमांत मोठा कचरा उत्पादक म्हणजे रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारा, अशी वजनाची रेघ आखली होती. तिच्या खाली मात्र सगळे एका टोपलीत. दक्षिण कोरियात १९९५पासून लोक ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यांत कचरा देतात, जितका कचरा तितकी पिशवी. आपल्याकडे ते उद्या होणार नाही, आणि झालं तर नाक्यावरचे ढीग आधी वाढतील अशी मला भीती आहे. पण निदान गाळ्याच्या क्षेत्रफळाचे दोन-तीन टप्पे पाडायला काय हरकत आहे? तुमच्या रस्त्यावरच्या दहा गाळ्यांनी आठवडाभराचं वजन लिहून ते एकत्र नेलं, तर नगरसेवकाच्या हातात सभागृहात बोलण्यासारखं काहीतरी येईल. एरवी ते भावनांवर बोलतात.

अर्ज कसा लिहायचा ते विचारलं नाहीत, पण बहुतेकांचं तिथेच अडतं. एका पानावर, असा:

‘विषय : मिळकत क्रमांक … च्या उपयोगकर्ता शुल्काच्या आकारणीत दुरुस्ती. वरील मिळकतीत अमुक ते अमुक कालावधीत शिवणकामाचे दुकान होते, अमुक ते अमुक गाळा बंद होता (वीजबिले जोडली आहेत), आणि अमुक दिनांकापासून पार्सलपुरते पोळी-भाजी केंद्र आहे, बसण्याची व्यवस्था नाही. तरीही पूर्ण ६० महिन्यांसाठी उपाहारगृहाचा दर लावला आहे. कृपया जागेची पाहणी करून आकारणी दुरुस्त करावी व तोपर्यंत या रकमेवर शास्ती आकारू नये.’

अर्जावर सही मालकांचीच हवी, कारण मिळकत त्यांच्या नावावर आहे. खाली ‘भोगवटादार’ म्हणून तुमची. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाहणीला माणूस येईल तेव्हा यजमानांना गाळ्यात थांबवा, आणि त्यांनी नाक्याचं नाव काढायचं नाही.

मालक सही करायला तयार नसतील तर करारातलं करांबद्दलचं पान मला पाठवा, नावं झाकून. मग पुढच्या वेळी त्यावर बोलू.